दुबळी प्रतिकारशक्ती आणि लसीचा प्रतिसाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिसवर असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि जन्मतःच प्रतिपिंडे कमी असलेले लोक व त्यांचे नातेवाईक आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांना एक रिपोर्ट जोडलेला असतो आणि त्या रिपोर्टवर एकच आकडा असतो. तो आकडा खोटा नसतो. पण रक्त कोणत्या तारखेला काढले, त्याआधी लस कधी टोचली आणि मधल्या काळात कोणती औषधे चालू होती, हे शेजारी लिहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. उपचारात कोणताही बदल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

१. लसीला शरीराने "प्रतिसाद दिला" म्हणजे नेमके काय झाले?

लसीतला घटक शरीरात गेला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या बी पेशी (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) जाग्या होतात, टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या मदतीने त्यांची संख्या वाढते, आणि त्यांतल्या काही पेशी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करू लागतात. काही पेशी मात्र स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात आणि पुढे तोच जंतू आला तर काही दिवसांत मोठ्या प्रमाणावर प्रतिपिंडे बनवतात. टी पेशींपैकी काही जणी संसर्ग झालेल्या पेशी शोधून नष्ट करतात. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत यातले फक्त रक्तात फिरणारे प्रतिपिंड, तेही बहुधा आयजीजी प्रकारचे, मोजले जाते. स्मृतिपेशी आणि टी पेशी त्या आकड्यात दिसत नाहीत. निरोगी माणसात या सगळ्या गोष्टी बहुतेक वेळा बरोबरीने घडतात, म्हणून एक मोजून बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. प्रतिकारशक्ती दुबळी असते तेव्हा नेमकी ही बरोबरीच मोडलेली असते.

२. मला मधुमेह आहे. मी "दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या" गटात येतो का?

ज्या अर्थाने हे पान लिहिले आहे त्या अर्थाने सहसा नाही. मधुमेहात काही लसींचा, विशेषतः हिपॅटायटिस बीच्या लसीचा, प्रतिसाद थोडा कमी मिळू शकतो. पण येथे ज्यांचा विचार केला आहे त्यांच्यात प्रतिकारयंत्रणेचा एखादा भागच गैरहजर किंवा औषधाने बंद असतो. रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन १४ दिवस वा त्याहून जास्त काळ घेणाऱ्या प्रौढांनाही या गटात धरतात.

"दुबळी" हा एकच शब्द आपण सर्वांसाठी वापरतो खरा, पण प्लीहा काढलेल्या माणसाची अडचण आणि एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी (मदतनीस टी पेशी) घटलेल्या माणसाची अडचण यांत फारसे साम्य नाही. कोणता भाग बिघडला आहे यावर कोणती तपासणी उपयोगी पडेल हे ठरते. म्हणून आम्हाला पत्र लिहिताना आजाराचे नाव आणि औषधांची यादी जरूर द्यावी.

३. मग लस घेतल्यावर आमच्यासारख्या प्रत्येकाने अँटीबॉडी तपासून घ्यावी का?

नाही. उत्तरावरून पुढची कृती बदलणार असेल तरच तपासणी करावी. हिपॅटायटिस बी हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे: डायलिसिसचे रुग्ण, एचआयव्हीबाधित आणि इतर प्रतिकारक्षीण व्यक्ती यांच्यात लसीनंतर तपासणी करावी असा निश्चित सल्ला आहे, कारण आकडा कमी आला तर पुन्हा डोस देता येतात. रेबीजच्या लसीनंतरही या गटात तपासणी करतात. जन्मजात प्रतिकारदोषाचे निदान करायचे असेल तेव्हा लस ही जणू परीक्षेची प्रश्नपत्रिका म्हणून दिली जाते आणि प्रतिपिंडे हे तिचे उत्तर असते. त्याविषयी प्रश्न १० आणि ११ पाहावेत.

याउलट दरवर्षीच्या इन्फ्लूएन्झा लसीनंतर कोणाही रुग्णाने स्वतःहून तपासणी करण्यात अर्थ नाही. आकडा काहीही आला तरी सल्ला तोच राहतो: पुढच्या हंगामात लस घ्यावी, घरातल्यांनीही घ्यावी आणि ताप आला तर लवकर औषध सुरू करावे.

४. रिपोर्टवर "पुरेसे" असे लिहून येते. हा पुरेसेपणाचा आकडा ठरवला कोणी?

काही आजारांत प्रतिपिंडांची एक पातळी आणि संरक्षण यांचा संबंध अभ्यासांतून दिसून आला आहे. हिपॅटायटिस बीसाठी ही पातळी दर मिलिलिटरमागे १० मिली-इंटरनॅशनल युनिट आहे, रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ०.५ इंटरनॅशनल युनिट मानली आहे, आणि धनुर्वातासाठी एलायझा या प्रयोगशाळेतील नेहमीच्या पद्धतीत ०.१ इंटरनॅशनल युनिट धरतात. या तिन्ही आकड्यांना "पातळी" असे एकच नाव असले तरी त्यांचा पाया सारखा नाही. रेबीजचा आकडा, उदाहरणार्थ, लसीला प्रतिसाद आला आहे याची खात्रीलायक खूण म्हणून वापरला जातो. त्याच्या वर असलेल्या माणसाला रेबीज होणारच नाही, असे तो सांगत नाही.

इन्फ्लूएन्झाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे १:४० हा टायटर (रक्तद्रव किती पट पातळ करूनही प्रतिपिंडे काम करतात तो आकडा) "संरक्षक" म्हणून छापला जातो. हा आकडा निरोगी प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम विषाणूचा संसर्ग करून केलेल्या, १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आला, आणि त्याचा मूळ अर्थ एवढाच होता की या पातळीला संसर्गाची शक्यता साधारण निम्म्यावर येते. फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या, तीन-तीन औषधे घेणाऱ्या माणसाला तोच आकडा जसाच्या तसा लावला की आपण नकळत असे धरून चालतो की प्रतिपिंडांच्या मागे उभी राहणारी बाकीची फौज त्याच्याकडेही निरोगी माणसाइतकीच आहे. ती नसते. म्हणून आमचे मत असे आहे की निरोगी लोकांवर ठरलेली पातळी या रुग्णांत गाठली गेली तर ती "लस लागू पडली" याची खूण समजावी, आणि संरक्षणाची हमी मात्र समजू नये.

५. माझा टायटर १:४० होता, तो १:८० झाला. दुप्पट झाला, म्हणजे लस लागू पडली ना?

इतक्यावरून तसे म्हणता येत नाही, आणि याचे कारण चाचणी कशी होते ते पाहिले की लगेच कळते. इन्फ्लूएन्झाच्या चाचणीत एका प्लेटवर खळग्यांची रांग असते. पहिल्या खळग्यात रक्तद्रव दहापट पातळ केलेले असते, पुढच्यात वीसपट, मग चाळीस, ऐंशी, असे प्रत्येक वेळी दुप्पट. सगळ्या खळग्यांत ठरावीक विषाणू आणि नंतर तांबड्या रक्तपेशी घालतात. प्रतिपिंडांनी विषाणूला अडवले असेल तर तांबड्या पेशी तळाशी घरंगळून एक नेटका लाल ठिपका बनवतात. अडवले नसेल तर विषाणू त्या पेशींना एकमेकींना चिकटवतो आणि खळग्याच्या तळावर फिकट गुलाबी साय पसरल्यासारखी दिसते. ठिपका दिसणारा शेवटचा खळगा म्हणजे आपला टायटर.

आता प्लेट हातात धरून बघणाऱ्याला एखादा खळगा अर्धा ठिपका आणि अर्धी साय असा दिसतो, आणि तो एक घर अलीकडे मोजला की पलीकडे, एवढ्यावर ४० चे ८० होतात. एकाच नमुन्याची दोनदा चाचणी केली तरी एका घराचा फरक सहज पडतो. म्हणूनच चौपट वाढ, म्हणजे दोन घरांची वाढ, झाली तरच प्रतिसाद मानण्याची प्रथा आहे. लसीपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, शक्य तर एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवून तपासावेत, हा आग्रह त्यामुळेच असतो. लसीपूर्वीचा नमुना साठवून ठेवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. नंतर तो कितीही पैसे देऊन मिळत नाही.

६. लस घेतल्यानंतर रक्त नेमके कधी द्यावे?

हिपॅटायटिस बीसाठी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी, रेबीजसाठी दोन ते चार आठवड्यांनी, न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूच्या लसीसाठी चार ते आठ आठवड्यांनी आणि इन्फ्लूएन्झाचा अभ्यास चालू असेल तर साधारण तीन ते चार आठवड्यांनी. फार लवकर रक्त दिले तर प्रतिसाद वर चढण्याआधीच मोजला जातो. फार उशिरा दिले तर प्रतिसाद आला होता आणि ओसरला, की आलाच नव्हता, हे सांगता येत नाही. वर्षभराने आलेल्या कमी आकड्यावरून "लस लागूच पडली नाही" असा निष्कर्ष काढलेली कितीतरी पत्रे आमच्याकडे येतात.

एक खास सावधगिरी: हिपॅटायटिस बीची लस म्हणजे त्या विषाणूचे पृष्ठभागावरचे प्रथिनच असते, त्यामुळे डोसनंतर सुमारे १८ दिवसांपर्यंत रक्तात तेच प्रथिन सापडून संसर्गाची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. डायलिसिस केंद्रात दर महिन्याला होणारी चाचणी आणि लस या दोन्हींच्या तारखा जवळजवळ आल्या तर घरात विनाकारण घबराट होते. रक्त आधी, लस नंतर, हा क्रम ठेवला की प्रश्न मिटतो.

७. डायलिसिस चालू आहे. पहिल्या वर्षी हिपॅटायटिस बीचा आकडा ८५ होता, आता ७ आला. माझ्या निरोगी भावाला मात्र डॉक्टर म्हणाले की पुन्हा तपासायची गरजच नाही. असा फरक का?

आपल्या भावाचा आकडा एकदा १० च्या वर गेला होता, आणि निरोगी माणसात पुढे तो १० च्या खाली उतरला तरी स्मृतिपेशी शिल्लक असतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात हळूहळू वाढतो, त्यामुळे त्या पेशींना जागे व्हायला पुरेसा वेळ मिळतो. डायलिसिसच्या रुग्णांत या स्मृतीवर तितका विश्वास टाकता येत नाही. आकडा १० च्या खाली गेल्यानंतर संसर्ग झाल्याची उदाहरणे त्यांच्यात दिसली आहेत. शिवाय केंद्रात रक्ताशी वारंवार संबंध येतो. म्हणून त्यांच्यासाठी दरवर्षी तपासणी आणि १० च्या खाली आल्यास एक बूस्टर डोस असा नियम आहे. आपला ७ हा आकडा म्हणजे अपयश नव्हे. आपल्याला प्रतिसाद आला होता, तो आता उतरला आहे आणि बूस्टर घ्यायची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ज्यांचा आकडा पहिल्या संपूर्ण मालिकेनंतरही १० च्या वर गेलाच नाही, त्यांना दुसरी संपूर्ण मालिका देऊन पुन्हा तपासतात. डायलिसिसच्या प्रौढांसाठी नेहमीच्या लसीचा डोस ४० मायक्रोग्रॅम असतो, म्हणजे एरवीच्या प्रौढ डोसच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. आधी कोणता डोस दिला गेला होता हे कागदावरून तपासून पाहावे, कारण "लस लागू पडली नाही" असे वाटणाऱ्या काही रुग्णांना मुळात कमी डोस मिळालेला असतो. दुसऱ्या मालिकेनंतरही आकडा वर आला नाही तर आधीच संसर्ग आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. किडनीचा आजार वाढत आहे हे कळताच, डायलिसिस सुरू होण्याआधीच लस घेतली तर प्रतिसाद अधिक चांगला मिळतो, हे ज्यांच्यापुढे अजून तो दिवस आलेला नाही त्यांनी लक्षात ठेवावे.

८. मी रिटुक्सिमॅब घेते. लसीनंतर अँटीबॉडी शून्य आली. लस वाया गेली का?

पूर्णपणे नाही. रिटुक्सिमॅब हे औषध सीडी२० ही खूण असलेल्या बी पेशी काढून टाकते, आणि नवी प्रतिपिंडे बनवण्यासाठी याच पेशी लागतात. औषधानंतर साधारण सहा महिने, अनेकदा त्याहून जास्त काळ, त्या परत येत नाहीत. टी पेशींना मात्र हे औषध हात लावत नाही. कोविडच्या लसीनंतर केलेल्या अभ्यासांत या औषधावरील अनेक रुग्णांत प्रतिपिंडे जवळजवळ नसतानाही टी पेशींचा प्रतिसाद चांगला आढळला. टी पेशी संसर्ग टाळू शकत नाहीत, पण आजार गंभीर होण्याला आळा घालू शकतात.

याच औषधामुळे आणखी एक गैरसमज होतो. काही जण लिहितात, "माझी धनुर्वाताची आणि गोवराची अँटीबॉडी उत्तम आहे, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती ठीक आहे." ही जुनी प्रतिपिंडे अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे राहणाऱ्या प्लाझ्मा पेशी बनवतात. त्या पेशींवर सीडी२० नसते, म्हणून औषध त्यांना वगळते. जुन्या लसींचा आकडा शाबूत असणे आणि नवी लस लागू पडणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पहिल्यावरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

शक्य असेल तेव्हा लस औषध सुरू होण्याच्या दोन ते चार आठवडे आधी घ्यावी. औषध चालू असेल तर मागील डोसनंतर शक्य तितक्या उशिरा आणि पुढील डोसच्या काही आठवडे आधी घ्यावी. रक्तातील सीडी१९ ही बी पेशींची खूण असलेल्या पेशींची मोजणी केली तर बी पेशी परतल्या आहेत का, हे लसीपूर्वीच कळते, आणि कित्येकदा लसीनंतरच्या टायटरपेक्षा ही तपासणी अधिक उपयोगी पडते. इन्फ्लूएन्झाची लस मात्र हंगाम तोंडावर असताना या हिशेबासाठी लांबवू नये.

९. प्रतिपिंडे सगळी गोष्ट सांगत नाहीत, तर सरळ टी पेशींचीच तपासणी का करत नाहीत?

संशोधनात करतात. एलिस्पॉट या चाचणीत रक्तातील पेशींना लसीतल्या प्रथिनाचे तुकडे दाखवतात आणि ज्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्यांच्या जागी प्लेटवर एकेक ठिपका उमटतो. ठिपके मोजले की प्रतिसाद देणाऱ्या पेशी मोजल्या जातात. पण त्यासाठी पेशी जिवंत लागतात, नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, आणि किती ठिपके म्हणजे संरक्षण, याची सर्वमान्य पातळी अद्याप ठरलेली नाही. शिवाय ज्यांच्या रक्तात लिम्फोसाइट पेशीच कमी आहेत, त्यांच्यात चाचणीचा अंतर्गत नियंत्रण-खळगाही प्रतिसाद देत नाही आणि रिपोर्टवर "अनिर्णित" असे येते. अनिर्णित म्हणजे नकारात्मक नव्हे; चाचणी झालीच नाही, असे ते समजावे.

नागिणीच्या पुनःसंयोजित प्रथिनाच्या लसीचे संरक्षण मोठ्या प्रमाणात टी पेशींवर अवलंबून असते, आणि तिच्यासाठी लसीनंतरची कोणतीही तपासणी सुचवलेली नाही. स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या प्रौढांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या लसीने नागिणीचे प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांनी कमी केले. तेथे मोजमाप आजाराचेच केले होते, आणि सर्वांत भरवशाचे मोजमाप तेच असते.

१०. माझ्या मुलाला दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन देतात. त्याच्या सगळ्या अँटीबॉडी "उत्तम" आल्या. मग औषध बंद करता येईल का?

या रिपोर्टवरून तसे अजिबात ठरवू नये. इम्युनोग्लोब्युलिन हे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे केलेले आयजीजी असते. आपल्या मुलाच्या रक्तात मोजलेली गोवर, धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांची प्रतिपिंडे त्या दात्यांची आहेत. आयजीजीचे रक्तातील अर्धायुष्य साधारण तीन आठवडे असल्यामुळे औषध थांबवल्यानंतरही ती काही महिने दिसत राहतात. हिपॅटायटिस बीच्या जुन्या संसर्गाची खूण मानली जाणारी कोअर प्रतिपिंडेही याच मार्गाने येऊ शकतात आणि मुलाला संसर्ग होऊन गेला असे वाटू लागते.

मुलाची स्वतःची क्षमता पाहायची असेल तर दात्यांच्या रक्तात सहसा नसलेली गोष्ट द्यावी लागते. म्हणून काही केंद्रांत रेबीजची लस देऊन तिचा प्रतिसाद मोजतात: बहुतेक दात्यांनी ती घेतलेली नसते, त्यामुळे नंतर दिसणारी प्रतिपिंडे मुलाचीच मानता येतात. संशोधनात बॅक्टेरियोफेज फाय-एक्स-१७४ हा फक्त जिवाणूंना ग्रासणारा निरुपद्रवी विषाणूही याच हेतूने वापरला गेला आहे. औषध बंद करून पाहण्याचा निर्णय तज्ज्ञाने, मुलावर नजर ठेवूनच घ्यायचा असतो.

११. न्यूमोकोकसच्या रिपोर्टवर २३ ओळी आहेत. काही वर, काही खाली. एकूण निकाल कसा लावायचा?

न्यूमोकोकसचे अनेक उपप्रकार आहेत आणि प्रत्येकाभोवती वेगळ्या साखरेचे आवरण असते. प्रत्येक ओळ एका आवरणाविरुद्धचे प्रतिपिंड दाखवते. जन्मजात प्रतिकारदोषाच्या निदानासाठी साखरेची शुद्ध लस, म्हणजे २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लस, देतात, कारण तिला उत्तर देताना बी पेशींना टी पेशींची मदत मिळत नाही आणि बी पेशींची स्वतःची ताकद उघड होते. दर मिलिलिटरमागे १.३ मायक्रोग्रॅम ही पातळी एका उपप्रकारासाठी पुरेशी धरतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत निम्म्याहून अधिक आणि त्याहून मोठ्यांत सुमारे ७० टक्के उपप्रकारांत ती गाठली गेली तर प्रतिसाद ठीक मानतात. दोन वर्षांखालील बाळांत ही परीक्षा घेत नाहीत, कारण निरोगी बाळही शुद्ध साखरेला नीट उत्तर देत नाही.

आधी प्रथिनाशी जोडलेली संयुग्म लस झाली असेल तर तिच्यातले उपप्रकार हिशेबातून वेगळे काढावेत. त्यांचे आकडे वर असले तरी ते टी पेशींच्या मदतीने आलेले असतात. एकूण आयजीजी सामान्य असतानाही हा प्रतिसाद नापास होऊ शकतो. अशा रुग्णांना "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून वर्षानुवर्षे परत पाठवले जाते आणि दर काही महिन्यांनी न्यूमोनिया होत राहतो. हे थांबायला हवे, असे आम्हाला कळकळीने वाटते.

१२. किडनी प्रत्यारोपण झाले आहे. कोविडची अँटीबॉडी किती असली की मी सुरक्षित?

असा सर्वमान्य आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना मान्य केला, त्यामुळे प्रयोगशाळांचे आकडे "बीएयू" (बाइंडिंग अँटीबॉडी युनिट) या एकाच एककात आणता येतात. पण विषाणू बदलत गेला आणि जुन्या प्रकाराविरुद्ध मोजलेली पातळी नव्या प्रकाराला तशीच लागू होत नाही.

तरी या मोजमापांनी मोठे काम केले. २०२१ मध्ये अमेरिकेतील अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या अभ्यासात एमआरएनए लसीच्या पहिल्या डोसनंतर १७ टक्के आणि दुसऱ्या डोसनंतर ५४ टक्के जणांतच प्रतिपिंडे आढळली; मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत प्रमाण आणखी कमी होते. त्यानंतर कॅनडातील यादृच्छिक चाचणीत तिसऱ्या डोसनंतर ठरवलेली पातळी ५५ टक्के जणांनी गाठली, तर लस नसलेला, तुलनेसाठीचा खोटा डोस मिळालेल्यांपैकी १८ टक्के जणांनी. या रुग्णांसाठी तिसरा डोस मूळ मालिकेचाच भाग ठरला तो अशा पुराव्यामुळे. एका गटासाठी धोरण ठरवताना जो आकडा मोलाचा असतो, तो एकट्या माणसाने मास्क काढावा की नाही हे ठरवायला पुरत नाही. रिपोर्ट वाचताना एवढे तरी पाहावे की "एस" (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनाविरुद्धचे) प्रतिपिंड लसीमुळे किंवा संसर्गामुळे येते, तर स्पाइक प्रथिनावर आधारलेल्या लसी घेतलेल्यांत "एन" (विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धचे) प्रतिपिंड फक्त संसर्गानंतर येते.

१३. लस लागू पडावी म्हणून संधिवाताचे मेथोट्रेक्सेट थांबवू का?

स्वतःहून थांबवू नये. इन्फ्लूएन्झाच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट न घेतल्यास प्रतिपिंडे वाढतात, हे दिसून आले आहे, आणि ब्रिटनमधील चाचणीत कोविड बूस्टरनंतर तेवढ्याच विश्रांतीने प्रतिपिंडे सुमारे दुप्पट झाली. मात्र सांधेदुखी उसळण्याचे प्रमाणही विश्रांती घेणाऱ्यांत जास्त होते. आजार आटोक्यात असेल तर डॉक्टर ही सवलत देऊ शकतात. प्रत्यारोपणानंतरची औषधे लसीसाठी थांबवणे ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. तेथे अवयव गमावण्याची भीती असते.

१४. दोन लॅबमध्ये दोन वेगळे आकडे आले. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. वेगवेगळ्या कंपन्यांची किट वेगवेगळी प्रथिने वापरतात, त्यामुळे कल पाहायचा असेल तर तीच प्रयोगशाळा आणि तेच किट ठेवावे. केसांसाठी किंवा नखांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे. काही चाचण्यांत त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. किडनीच्या नेफ्रोटिक आजारात लघवीतून आयजीजी वाहून जाते, तेथे आकडा लवकर उतरतो. त्याचा दोष लॅबला देऊ नये.

१५. एका अभ्यासात "सरासरी टायटर" चांगला होता, तरी निष्कर्ष निराशाजनक. हे कसे?

समजा चार रुग्णांचे आकडे १०, १०, १० आणि ५००० आले. साधी सरासरी सुमारे १२५८ येते आणि सगळे छान वाटते. टायटरसाठी वापरतात ती भूमितीय सरासरी सुमारे ४७ येते. प्रतिकारक्षीण लोकांच्या अभ्यासांत असे विखुरलेले आकडेच नेहमी दिसतात, म्हणून सरासरीच्या जोडीला प्रतिसाद न देणारे किती जण होते हे आधी शोधावे.

१६. कांजिण्यांची लस घेतली होती, तरी चाचणी निगेटिव्ह आली. पुन्हा घेऊ का?

आधी डॉक्टरांना विचारावे, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेली असताना ती देत नाहीत. बाजारातील नेहमीच्या चाचण्या प्रत्यक्ष कांजिण्या होऊन गेलेल्यांची प्रतिपिंडे पकडतात, पण लसीमुळे आलेली कमी पातळीची प्रतिपिंडे त्यांना अनेकदा दिसत नाहीत. दोन डोसची लेखी नोंद असेल तर निरोगी व्यक्तीत ती नोंद निगेटिव्ह चाचणीपेक्षा ग्राह्य धरतात. प्रतिकारक्षीण व्यक्तीचा कांजिण्या झालेल्याशी संपर्क आला, तर मात्र नोंदीवर विसंबून घरी न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

१७. एक्युलिझुमॅब घेणाऱ्या माझ्या पत्नीचा मेनिंजोकोकसचा टायटर उत्तम आहे. तरी डॉक्टर प्रतिजैविक चालूच ठेवतात. का?

कारण चाचणीची नळी एक गोष्ट स्वतःच्या पदरची घालते. मेनिंजोकोकस हा मेंदूज्वराचा जिवाणू मारायला प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने (प्रतिपिंडांना जिवाणू मारायला मदत करणारी रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिने) दोन्ही लागतात. प्रयोगशाळेतील जिवाणूनाशक चाचणीत रुग्णाच्या रक्तद्रवात बाहेरून पूरक प्रथिने मिसळतात आणि जिवाणू मरतात का ते पाहतात. आपल्या पत्नीच्या शरीरात तीच प्रथिने औषधाने अडवलेली आहेत; नळीत मेलेला जिवाणू शरीरात जगू शकतो. या औषधावर असताना मेनिंजोकोकसचा धोका हजार ते दोन हजार पटींनी वाढतो. अमेरिकेत २००८ ते २०१६ या काळात नोंदलेल्या अशा १६ रुग्णांपैकी १४ जणांनी लसीचा किमान एक डोस घेतला होता, आणि त्यांतील बहुतेकांना लसीत न येणाऱ्या, आवरण नसलेल्या जिवाणूंनी गाठले होते. लस तरीही घ्यायचीच असते, शक्य तर औषधाच्या किमान दोन आठवडे आधी. पण ताप आला तर टायटरचा कागद न शोधता थेट रुग्णालय गाठावे.

प्लीहा नसलेल्यांचेही असेच आहे: न्यूमोकोकसच्या कार्यात्मक चाचणीत जिवाणू गिळणाऱ्या पेशी प्रयोगशाळा पुरवते, रक्त गाळणारी प्लीहा मात्र कोणीच पुरवू शकत नाही.

१८. मूलपेशी प्रत्यारोपणापूर्वी माझ्या सगळ्या लसी झाल्या होत्या. त्या मोजल्या जातात का?

सहसा नाही. जुनी प्रतिकारस्मृती प्रत्यारोपणानंतर हळूहळू पुसली जाते, म्हणून लसीकरण नव्याने करावे लागते. न्यूमोकोकसची लस तीन ते सहा महिन्यांनी सुरू करतात. जिवंत लसी दोन वर्षांआधी देत नाहीत, आणि त्यानंतरही दात्याच्या पेशींचा शरीरावरील हल्ला शांत असेल व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद असतील तरच देतात. मधल्या काळात इम्युनोग्लोब्युलिन मिळाले असेल तर प्रश्न १० मधील सावधगिरी लागू होते.

१९. माझी रेबीजची लस पूर्वी झाली आहे आणि टायटर ०.५ च्या वर होता. आता कुत्रा चावला आहे. आधी टायटर पाहून मग ठरवू का?

नाही, थांबू नये. जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. निरोगी माणसाला पूर्वी लस झाली असेल तर थोडे डोस पुरतात आणि रेबीज इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. प्रतिकारक्षीण व्यक्तीला मात्र, पूर्वी लस झालेली असली तरी, लसीची पूर्ण मालिका आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही देतात. त्वचेवर फक्त ओरखडा असला तरीही. उपचार सुरू करण्याचा निर्णय जुन्या किंवा नव्या टायटरवर अवलंबून ठेवत नाहीत. आपल्याला कोणती औषधे चालू आहेत हे जखम दाखवतानाच सांगावे, कारण विचारले जाईलच असे नाही. टायटर तपासायचा तो मालिका पूर्ण झाल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी, आणखी एखादा डोस लागेल का हे ठरवण्यासाठी.